काळे राघू

"हिरवा ओवून दे," बायनाबाई म्हणाली. "राघू भरायचाय."

वर्षाराणीनं डब्यातून काळी लडी काढली. दोरा सुईत ओवला, गाठ मारली आणि सुई सासूच्या हातात दिली. म्हातारीनं मॅटीच्या कापडावर बोटं फिरवली. मॅटीची वीण जाडी, टाक्याची घरं बोटाला लागतात. तिच्या डोळ्यांतले रंग कधीच गेले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते, पण बोटं अजून शाबूत होती. ती फुलीवर फुली टाकत गेली आणि तीर्थपुरीच्या त्या ओसरीत भरदुपारी एक काळाकुट्ट राघू जन्माला आला.

टेबलक्लॉथ होता दीपमालाच्या लेकीच्या रुखवताचा. दीपमाला म्हणजे बायनाबाईची लाडाची लेक, वर्षाराणीची नणंद, दिलेली अंबडला. नातीच्या रुखवतात आपल्या घरचा टेबलक्लॉथ मांडायचाच, असं म्हातारीनं मनावर घेतलं होतं. दिसत नव्हतं तरी हट्ट जाईना. सुंभ जळालं तरी पीळ जळत नाही. मरण्याआधी आणखी एकदा मिरवून घ्यायचंय बयेला, असं वर्षाराणी मनात म्हणाली आणि दोरा ओवून द्यायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं.

तिला हेच हवं होतं. ती नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा तिच्या रुखवतात तिनं स्वतः भरलेला एक टेबलक्लॉथ होता. राघूंची जोडी, मधोमध तुळस, कोपऱ्यात तिचं नाव. आईच्या शेजारी बसून भरलेला. आई नंतर फार जगली नाही. पुढं दीपमालाचं लग्न ठरलं आणि तो टेबलक्लॉथ वर्षाराणीच्या पेटीतून थेट नणंदेच्या रुखवतात जाऊन बसला. कोपऱ्यातलं नाव बायनाबाईनं ब्लेडनं उसवलं होतं आणि तिथं 'दीपमाला' भरलं होतं. बाया वाहवा करत होत्या. कोणीतरी विचारलं, सून पण भरते का काही? तेव्हा बायनाबाई हसून म्हणाली होती, "तिला सुईत दोरा ओवता येत न्हाई." वर्षाराणी पाण्याचा जग घेऊन तिथंच उभी होती. त्यानंतर तिनं सुईला हात लावला नाही. तिनं शेरडं राखली, रोजानं कापूस वेचला, पोरं वाढवली. पण तो दिवस तिच्या घशाखाली कधी उतरला नाही.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. सुनेचे चार दिवस यायला तिच्या कानाजवळचे केस पिकावे लागले, एवढंच.

मग काय, म्हातारीनं तुळशीला हिरवा मागितला की ही लाल द्यायची. गुलाबाला गुलाबी मागितला की शेवाळी. चोचीला लाल मागितला तेव्हा तिनं निवांतपणे निळा शोधून काढला. दुपार कलली की कापड जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत. नवरा म्हणायचा, दाखव की. ती म्हणायची, "लग्नाआधी दाखवायचं न्हाई, नजर लागती."

"कसं दिसून राह्यलं गं?" म्हातारी विचारायची.

"बराबर दिसून राह्यलं, आत्याबाई. लोक बघतच राहतील."

एकदा सुई थांबवून बायनाबाई म्हणाली, "वर्षा, एक बोलायचं व्हतं तुझ्याशी. लई दिवसाचं हाय."

"आधी घरं मोजा, आत्याबाई. टाका चुकंल."

तिला म्हातारीचं काहीएक ऐकायचं नव्हतं. म्हातारी पुन्हा घरं मोजायला लागली. एकही टाका चुकत नव्हता, याचाही वर्षाराणीला राग आला.

लग्नाच्या सकाळी अंबडच्या मंगल कार्यालयात रुखवत तिनंच मांडलं. लाडू-करंज्यांच्या मागं, येणाऱ्याची नजर पहिली जाईल अशा जागी, तिनं टेबलक्लॉथ पसरून टांगला. काळे राघू, निळ्या चोची, लालभडक तुळस. बायनाबाईला तिनं शेजारीच खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत असा आनंद तिला झाला नव्हता.

नवऱ्या मुलाकडच्या बाया आल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. मग पदराआड हसणं सुरू झालं. पोरींनी मोबाईल काढून फोटो घेतले. दीपमालानं लांबून पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. बायनाबाईला फक्त गर्दी कळत होती. ती कौतुकाचीच आहे असं धरून ती ताठ बसली होती.

नवऱ्या मुलाची आई पुढं आली. कापडाचं टोक दोन बोटांत धरून तिनं विचारलं, "कोणाच्या हातचं म्हणायचं हे?"

वर्षाराणीनं तोंड उघडलं. उत्तर तिनं कधीपासून घोळवून ठेवलं होतं. पण बायनाबाई काठी टेकून आधीच उठली होती. तिनं चाचपडत सुनेचं मनगट धरलं आणि तो हात सगळ्यांना दिसेल असा वर उचलला.

"माझ्या ह्या सुनेच्या हातचं," ती मोठ्यानं म्हणाली. "दीपाच्या लग्नात मी हिचं नाव उसवून टाकलं व्हतं, ते आज समद्यांसमोर परत देते. टाका न् टाका हिनं भरलाय, अन् रंग तर समदे हिच्याच पसंतीचे हायत."