हत्तीभोवतीची परीक्षा

“मॉम फेल्ड,” मिहिका म्हणाली, आणि भोंडल्याचा फेर जागच्या जागी थांबला.

आखातातल्या खलिफा सिटीत, शोभनाताईंच्या व्हिलामागच्या अंगणात पाटावर तांदळाचा हत्ती काढला होता. त्याभोवती बायकांनी हात धरले होते आणि कुणीतरी सुजाताला सहज विचारलं होतं, “काय गं कॅनडावाली, पासपोर्ट आला का?” सुजाता हसून वेळ मारून नेणार होती. पण चौदा वर्षांच्या लेकीच्या तोंडाला कुठलं कुलूप!

“कशात गं नापास?” शोभनाताईंनी विचारलं.

“नागरिकत्वाच्या परीक्षेत.” सुजाताने मान खाली घातली. “म्हणून तर मिहिकाला घेऊन इकडे निघून आले. आता जज्जसमोर तोंडी आहे, पुढच्या आठवड्यात. मी नाही जाणार. संजय आज परतीची तिकिटं कॅन्सल करतोय.”

यंदा फेर लहानच होता. मंदी आल्यापासून कुणाचं बिऱ्हाड पुण्याला परतलं होतं, कुणाचं कतारला गेलं होतं. सुजाताच्या नवऱ्याची, संजयची इथली नोकरी कशीबशी टिकली होती, पण त्याच्या ऑफिसात दर महिन्याला एखादी खुर्ची रिकामी होत होती. तो पासपोर्ट हाच काय तो त्या घराचा आधार. आईच्या अर्जाला लेकीचाही अर्ज जोडलेला. हे सगळ्या जाणून होत्या.

आधी तोंड उघडलं ते मुक्ताबाईंनी, शोभनाताईंच्या सासूबाईंनी. फेर धरायचं वय गेलं म्हणून खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“विचारतात तरी काय मेले?”

“पाच मोठी तळी कोणती, प्रांत किती, पहिला पंतप्रधान कोण…”

“आणि शेजारीण बाळंत झाली तर तिच्या घरचं कोण बघणार, हे?”

“नाही, आजी.”

“बर्फात म्हातारा घसरून पडला तर?”

“तेही नाही.”

“मग माणूस पारखतात कशावरून? तळ्यांवरून?”

फेरात हशा पिकला. शोभनाताई म्हणाल्या, “त्यापेक्षा इथे बरं. इतकी वर्षं राहिलो, कुणी काही विचारलं नाही. परीक्षाही नाही, पासपोर्टही नाही. नोकरी सुटली की खलास, यल्ला, चला विमानतळावर!” हसता हसता त्यांचाच आवाज जरा पडला.

मुक्ताबाईंची नजर सुजातावरून हलली नव्हती. “तुझ्या शेजारी आहे का कुणी म्हातारं?”

“आहेत ना एक आजोबा. त्यांच्या दारातलं बर्फ मीच काढते. आपल्या दारातलं काढायचंच असतं, त्यात चार फावडी जास्त.”

“एव्हरी मॉर्निंग,” मिहिका कुरकुरली. “आय कीप टेलिंग हर टू स्टॉप.”

“बघ, तुझी लेकच साक्षीदार. अर्धी परीक्षा झाली तुझी. उरली तळी.” मुक्ताबाईंनी काठी आपटली. “बघता काय गं? हात धरा!”

शोभनाताईंनी जुनीच चाल उचलली. शब्द तेवढे जोडत गेल्या:

“सुपीरियर सासू गं, ह्यूरन सासरा,
मिशिगन नणंदेचा तोरा नाही बरा,
ईरी धाकटा दीर गं, हिंडे दारोदारी,
ओंटारिओच्या काठाला माझी ओसरी!”

पहिल्या फेऱ्याला सुजाता नुसते ओठ हलवत होती. दुसऱ्याला तिचा आवाज फुटला. तिसऱ्याला तीच गात होती आणि बाकीच्या तिच्यामागून धावत होत्या. घामाने साड्या अंगाला चिकटल्या, फरशीवरची वाळू पायांखाली करकरू लागली. मग प्रांतांचं गाणं रचायला घेतलं. त्यात एक प्रांत दरवेळी गळायचा, तर कधी एकच दोनदा यायचा. पण सुजाताला आता चुकायची लाज वाटत नव्हती. चुकली की तीच सगळ्यांच्या आधी हसायची.

गाणी संपली तशी खिरापतीची वेळ झाली. आज खिरापत सुजाताची. तिने झाकलेला डबा मधोमध आणून ठेवला. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं, ही रीतच.

“तिखट की गोड?”

“गोड.”

“नारळाच्या वड्या!”

“चूक.”

“अनारसे? खजुराचे लाडू? अगं, बालुशाही!”

“चूक, चूक, साफ चूक! हरलात?”

“हरलो गं बाई! उघड आता!”

सुजाताने झाकण काढलं. रव्याच्या वड्या होत्या, पण पाक साखरेचा नव्हता. तिकडच्या मेपलच्या झाडाच्या रसाचा होता. हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बायका डब्यावर तुटून पडल्या. बालुशाहीवालीने तर दोन उचलल्या.

वाटता वाटता सुजाता थांबली. सगळ्यांची तोंडं भरलेली होती, आणि उत्तर एकीचंही बरोबर आलं नव्हतं. सगळ्या नापास!

ती एकटीच खो खो हसत सुटली. डब्यातली शेवटची वडी उचलून, निऱ्या सावरत फाटकाकडे पळाली. बाहेर गाडीत संजय मोबाइल कानाला लावून बसला होता.

“कॅन्सल केलीस तिकिटं?”

“तेच चाललंय. होल्डवर ठेवलंय त्यांनी.”

“ठेव फोन. मी जाणार.”

संजयने फोन कानावरून खाली घेतला. “सगळं पाठ झालं?”

“तळी झाली. प्रांत अजून चुकतात.”

“मग गं?”

“मग काही नाही. डोळे मीट आणि ओळख बघू, माझ्या हातात काय आहे.”

संजयने डोळे मिटले. नाक पुढे करून वास घेतला, जरा विचार केला.

“म्हैसूरपाक.”

“चूक!” म्हणत सुजाताने अख्खी वडी त्याच्या तोंडात घातली.