गाढवाच्या सात शेपट्या

“हात पुढे कर. दोन्ही. आणि आता हलायचं नाही,” सकवारबाई म्हणाल्या.

वसुमतीने पायरीवर बसल्या बसल्या हात पुढे केले. शेजारच्या सकवारबाईंनी व्हरांड्यातला टांगलेला डबा उतरवून तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. त्यातून लोंबणाऱ्या हिरव्या शेपट्या एकेक करून तिच्या हातांवर निजवल्या. चार डाव्यावर, तीन उजव्यावर. वालाच्या दाण्यांसारखी टपोरी पानं, दाटीवाटीने बसलेली. नुसतं बोट लागलं तरी गळणारी.

“कत्ते बाल म्हणतात आमच्या कन्नडात ह्याला. गाढवाची शेपटी. बुडाशी कुजलीय बघ. रोज पाणी घालत होतीस?”

“दोन वेळा.”

“दोन वेळा! कॉलेजात झाडांचंच शिकलीस ना गं तू?”

“तिथे पानाचे भाग शिकवले, अक्का. पाणी किती घालायचं ते नाही शिकवलं.”

सकवारबाई हसल्या आणि पत्र्याच्या कात्रीने गंजका डबा कापू लागल्या.

आत पाळण्यात नागनाथ निजला होता. आठ महिन्यांचा. डांग्या खोकल्याने तीन आठवडे घर जागं ठेवलं होतं. आता उबळी कमी झाल्या होत्या. काल डॉक्टर सांगून गेले, धोका टळला. औषधापेक्षा आता झोप हवी. सकाळपासून तो दोनदा झोपला. दोन्ही वेळा वसुमतीने त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तो दचकून उठला, रडला, रडता रडता खोकला. आता तिसऱ्यांदा त्याचा डोळा लागला होता.

“अक्का, आतून काहीच आवाज येत नाही.”

“निजलेलं पोर काय गाणं म्हणेल?”

“खोकलाही नाही.”

“मग बरंच की.”

“एकदाच बघून येते. एकच मिनिट.”

“जा की. ह्या सातजणींना कुठं निजवतेस तेवढं सांग.”

वसुमतीने खाली पाहिलं. कोपर जरासं उचललं. तीन पानं टपटप लाल फरशीवर पडली. ती होती तिथे थिजली.

सकवारबाईंना कसली घाई नव्हती. त्यांनी ओली माती बोटांनी मोकळी केली, वास घेतला, नाक मुरडलं. काळी पडलेली मुळं एकेक करून छाटली. नव्या कुंडीच्या भोकावर खापरी ठेवली, ती पटेना, दुसरी ठेवली. मग विटेचे तुकडे. मग पुन्हा सगळे काढून बारीक केले.

“आणखी किती वेळ, अक्का?”

“स्वल्प. वाळू कमी पडतीय. घरून घेऊन येते.”

वाळूची टोपली अर्धी भरलेली होती. वसुमतीला ती दिसत होती. ती तसं म्हणेपर्यंत सकवारबाई फाटकातून बाहेर पडल्यासुद्धा.

तिने कान आत लावला. बनशंकरीकडे जाणारी बस कोपऱ्यावर कण्हत वळली, तेवढा वेळ बाकीचं काही ऐकू येईना. बस गेली. समोरच्या घरी कुणीतरी पितळेचं भांडं घासत होतं. तिने स्वतःचा श्वास रोखला, म्हणजे त्याचा ऐकू येईल. नाही आला. हाक मारावी? हाकेने उठेल. उठून जावं? हातांवर सात शेपट्या, आणि त्यांची मुळं स्टुलावर उघडी पडलेली. तिने डोळे गच्च मिटले. आता पाळण्याची दोरी करकरेल, आता, म्हणून वाट पाहत राहिली. शेपट्या हातांना गार लागत होत्या. ताप उतरलेल्या अंगासारख्या गार आणि जड. मिटलेले डोळे हळूहळू सैल झाले.

सकवारबाई परत आल्या तेव्हा हातात वाळू नव्हती. वसुमतीचं डोकं खांबाला टेकलं होतं. तोंड किंचित उघडं. हात तसेच पुढे, गुडघ्यांवर पसरलेले. सकवारबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. झाडाला हात लावला नाही. त्या पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि ऊन फरशीवरून उंबऱ्याकडे सरकताना बघत राहिल्या.

खूप वेळाने आत पाळणा हलला. त्या झटकन उठल्या, अनवाणी आत गेल्या आणि पोराने गळा काढायच्या आत त्याला उचलून कडेवर घेतलं.

दारात येताच नागनाथला आई दिसली. तो दोन्ही हात पसरून तिच्याकडे झेपावला. ओठ वाकडे झाले, आता रडणारच.

सकवारबाईंनी त्याला खांद्याशी घट्ट धरलं.

“गप, नागण्णा,” त्या त्याच्या कानात म्हणाल्या. “उठवू नको. पोर आत्ताशी कुठं निजलीय.”