भरतीचं एकही गाणं नाही

राजनंदिनीला घेऊन तिच्याकडचे दौंडला मुलाचं घर बघायला गेले. चहा झाल्यावर "दोघांना जरा बोलू द्या," म्हणत सगळ्यांनी तिला आणि सत्यजीतला वरच्या खोलीत पाठवलं. लग्नानंतर शिरूरची नोकरी सोडावी लागेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

सत्यजीतनं त्याचा आवडता अल्बम लावला. "भरतीचं एकबी गाणं न्हाई. आन् रेकॉर्डिंग तर ऐकाच."

तिनं तोंड उघडलं की तो बोट वर करायचा. "थांबा, आता बासरी येतीय."

पाऊण तासानं दोघं खाली आली, तेव्हा तिचे आप्पा खुशीत होते. "लई बोलली पोरं! जमलं म्हणायचं."

परतताना गाडीत आईनं विचारलं, "कसं वाटलं गं?"



"गाणी सगळीच भारी हायत, आई. मी डाउनलोड करून घेतली. त्यांना नकार कळव."