हळदीच्या दिवशी सोडलेले पट्टे

पोळी तव्यावर असतानाच मनगटावरचा झोपेचा पट्टा थरथरला आणि ठरल्या वेळी अश्वगंधेचा अर्क रक्तात उतरला. मृणालिनीचे डोळे जड झाले. बाहेर आत्ता कुठे उजाडलं होतं.

लग्नाच्या वेळी, हळदीत खराब होतील म्हणून आत्याबाईंनी नवरानवरीचे पट्टे सोडून ठेवले होते आणि परत बांधताना त्यांची अदलाबदल झाली. रात्रपाळीवाल्या हेरंबचं झोपेचं चक्र तिच्या अंगात भिनलं, तिचं त्याच्या. चूक लक्षात येईपर्यंत शरीरं सरावली होती. आता पट्टा काढला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

रात्रभर पट्ट्याच्या गुंगीत झोपलेला हेरंब ताजातवाना होऊन आला. त्याने गॅस बंद केला, तिला धरून पलंगापर्यंत नेलं.

"अख्खी रात्र एकटी बसतेस. मला उठवत जा ना गं."

झोपेत बुडता बुडता ती म्हणाली, "रोज उठवते रे."