शेवटचं हँडल

शेवटचं हँडल काही केल्या निघेना. धाकट्याने पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, एक पाय भिंतीला रेटला आणि दात-ओठ खाऊन जोर लावला. नट करकरला, पण जागचा हलला नाही.

"राहू दे ना ते एक," मागून दादा म्हणाला. "तुझं काही खातंय का?"

दादा सकाळपासून तिथेच होता, धातू कापायच्या मिलिंग मशीनच्या पलीकडे, दोन्ही हात काखेत दाबून. हल्ली तो असाच उभा राहायचा. थंडी नसली तरी.

"ठेवता येत नाही, दादा. आता मशीनचं टेबल मोटरने सरकणार. मोटर फिरली की हँडलही गरगर फिरणार. कुणाचा हात मध्ये आला तर मनगटाचा चुरा होईल."

"कुणाचा येणार? इथे आहे कोण? तू आणि मी."

धाकट्याने पुन्हा पान्यावर अंग टाकलं. कित्येक सुट्ट्या त्याने या मशीनच्या पोटात घातल्या होत्या. जुने स्क्रू उतरवले, नवे बसवले, मोटरी जोडल्या, वायरींचा गुंता सोडवता सोडवता स्वतःच त्यात अडकला. कंबर बोलायला लागली होती. डोळ्यांत तर कुणी मूठभर लोखंडाचा कीस टाकल्यासारखं वाटत होतं.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "गिऱ्हाइकांना हल्ली कॉम्प्युटरवरचंच काम लागतं." दादालाही त्याने हेच सांगितलं होतं आणि दादाने मान डोलावली होती. दादाच्या हातांना कंप सुटलाय, माप गाठता गाठता हँडल पुढे निसटतं आणि घडत आलेला चांगला जॉब वाया जातो, हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. बिघडलेले तुकडे दादा भंगाराच्या पिंपात खाली, किसाखाली दडपायचा. धाकटा ते बघून न बघितल्यासारखं करायचा.

वहिनींनी मात्र काल त्याला दारातच गाठलं. "भावजी, हे मशीन कशासाठी चाललंय ते त्यांना कळलंय. त्यांना कळलंय हे तुम्हालाही कळलंय. आणि मी मधल्यामध्ये दोघांची तोंडं बघत बसलेय. किती दिवस चालवायचं हे नाटक?"

नट एकदम सुटला. धाकटा पान्यासकट मागे जाऊन आदळला आणि हँडल खणकन फरशीवर पडलं.

दादाने वाकून ते उचललं. उचलायला हात काखेतून बाहेर काढावे लागले. हँडल मशीनच्या अंगाला टेकलं आणि त्यावर टकटक वाजायला लागलं. दोघांनीही ते ऐकलं. दादाने ते घाईघाईने खाली ठेवलं.

"मग आता मी हात कुठे ठेवू?"

सुरुवात रागातच झाली होती, पण शेवटच्या शब्दापाशी आवाज बसला.

धाकट्याने झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि मेन स्विच चालू केला. पडद्यावर आकडे उमटले. टेबल उजवीकडे नेण्याचा हुकूम देऊन तो बघत राहिला. टेबल खुशाल डावीकडे निघालं. त्याने दचकून लाल बटणावर हात मारला.

दादा हसला. किती दिवसांनी, कोण जाणे. "अगदी तुझ्यावर गेलंय. शाळेत पाठवलं की स्वारी नदीवर!"

धाकट्यालाही हसू आलं, पण हसायलाही त्राण लागतं. त्याने मोटरची दिशा उलटी केली. या वेळी टेबल सांगितल्यासारखं वागलं. मग त्याने ॲल्युमिनियमचा एक ठोकळा शिकंज्यात आवळला आणि बाजूला झाला.

"चालू तू कर, दादा."

दादाचं बोट हिरव्या बटणापाशी जाऊन घसरलं. पुन्हा घसरलं. शेवटी त्याने अख्ख्या तळव्यानेच ते दाबलं.

कटर खाली आला आणि धातूत उतरला. टेबल सरकलं, थांबलं, वळलं. कडेकडेने एक गोलाई उमटत गेली, लोण्यातून सुरी फिरावी तशी. दोघं नुसते उभे होते. करायला कुणालाच काही नव्हतं.

"अशी गोलाई मला उमेदीतही जमली नसती," दादा म्हणाला.

"जमली असती."

"नसती रे. उगाच काहीतरी बोलू नकोस."

कटर वर गेला आणि थांबला. धाकट्याने जॉब सोडवला, फडक्याने पुसला आणि दादापुढे धरला. पहिल्या जॉबचं माप घेण्याचा मान दादाचा. दादाने मायक्रोमीटर उचलला, एकदा लावून पाहिला आणि तसाच धाकट्याच्या हातात दिला.

"तू लाव. माझे हात थरथरतात."

दादा हे पहिल्यांदाच बोलला होता. जेवायला चल म्हणावं, इतक्या साधेपणाने.

धाकट्याने जॉब मायक्रोमीटरच्या तोंडात धरला, हलकेच आवळला आणि बारीक रेघांवर नजर लावली. रेघा एकमेकींत मिसळत होत्या. त्याने डोळे मिटले, उघडले, दिव्याखाली सरकून पाहिलं. तरी आकडा लागेना.

"दादा, मला दिसतच नाहीये. डोळे उघडे राहत नाहीत माझे."

दादा त्याच्या पाठीमागे आला. खांद्यावर हनुवटी टेकेल इतका जवळ येऊन वाकला.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "धर तसाच. मी वाचतो."