लांब पल्ल्याची लेन्स

"तीच दे. माझा फोटो काढला होतास ना, तीच," काउंटरवर कोपर टेकून सेबेरो म्हणाला.

इमानोलने काउंटरवरची दुसरी, लहान लेन्स त्याच्यापुढे सरकवली. सहाशे मिलिमीटरची ती पांढरी लेन्स, दुधाच्या किटलीएवढी, वर्षभर दुकानाच्या कपाटात पडून होती. विकायला ठेवली होती खरी, पण गिऱ्हाईक आलं की तोच त्याला दुसरीकडे वळवायचा.

"तांडेल, ती तुम्हाला नाही झेपायची. नावेवरून शर्यत टिपायची तर तिपाई कुचकामी, नावच हलते. हातात धरून दहा मिनिटांत खांदे भरून येतील. ही धाकटी घ्या, शंभर ते चारशेची. नाव जवळ आली तरी पुरते, लांब गेली तरी पुरते."

"तांडेल म्हणू नकोस आता. आणि खांद्यांचं मला सांगू नकोस. एकवीस वर्षं नावेच्या मागच्या टोकाला उभं राहून लांब वल्हं पेललंय."

"उन्हाचं लांबून सगळं थरथरतं दिसतं हिच्यातून. शिवाय खारा वारा..."

"अरे, तू दुकानदार आहेस की माझी बायको? महागडी वस्तू मागतोय, तर नको नको काय लावलंयस!"

ऐकणारा म्हणाला असता, काय प्रामाणिक दुकानदार आहे. इमानोलला नेमकी त्याचीच लाज वाटत होती.

गेल्या सप्टेंबरात सेबेरोच्या नावेने गावाला शर्यतीचं निशाण जिंकून दिलं. इमानोलने धक्क्याच्या टोकाशी, पाण्यालगत पोटावर पडून, याच लेन्सने, नावा जिथून वळून परततात त्या तरंगत्या बोयाच्या वळशाचा फोटो घेतला. पेपरात तो पहिल्या पानावर आला. त्यात सेबेरोचं वल्हं शेजारच्या नावेच्या वल्ह्यांवर चक्क आडवं पडलेलं दिसत होतं. असं वल्हं अडवलं की नाव बाद होते, पण पंच काही बोलले नव्हते. शेजारच्या नावेनेही तक्रार केली नव्हती. वळशाला पाणी इतकं उसळतं की कुणाचं काय कुणाला लागलं, ते नावेतल्यांनाही सांगता येत नाही. तरी फोटो पाहून सेबेरोने निशाणाची घडी केली, स्वतः शेजारच्या गावी गेला आणि माफी मागून ते देऊन आला. त्याच्या तेरा वल्हेकऱ्यांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने वल्हं टाकलं ते कायमचं.

खरं तर त्या दोन नावांच्या मधून तिसरी नाव सहज गेली असती. लांब पल्ल्याची लेन्स मागचं नि पुढचं एकमेकांना चिकटवून दाखवते, हे इमानोलला फोटो काढतानाच ठाऊक होतं. आधी वाटलं, उद्या सांगू. मग फोटोला बक्षीस मिळालं. मग सांगायला तोंडच उरलं नाही.

"पण तुम्हाला हवीय कशाला?" त्याने विचारलं.

"वल्हं सुटलं तरी सप्टेंबर सुटत नाही रे. फोटो तरी काढीन." सेबेरो अंगठ्याने डावा तळहात चोळत राहिला. "मला लागल्याचं कळलंच नाही, आईशप्पथ. लाकडाला लाकूड लागतं आणि तांडेलाच्या हाताला कळत नाही? म्हणजे हात मेले. दोनोस्तिया शहरातल्या डॉक्टरने सुया टोचल्या, तारा लावल्या. म्हणतो, काही सापडत नाही. त्याला काय कळतंय! फोटोत दिसतंय ना सगळं."

इमानोलला वाटत होतं, लोकांच्या बोलण्याला कंटाळून सेबेरोने वल्हं सोडलं. हे असलं काही त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने कपाट उघडलं, लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि म्हाताऱ्याला दारासमोरच्या धक्क्यावर नेलं.

"तो लाल बोया बघा. हिच्यातून."

सेबेरोने कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडलाच, "अरे, ती निळी नाव आदळली बोयावर!"

मग त्याने कॅमेरा खाली घेतला. नाव बोयाच्या बरीच पलीकडे होती, मध्ये ऐसपैस पाणी पसरलं होतं. पुन्हा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. पाण्यावरचं अंतर एकवीस वर्षं नुसत्या नजरेने मोजणाऱ्याला आणखी काही समजावायची गरज नव्हती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून."

इमानोल मान खाली घालून थपडेची वाट पाहत राहिला. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण सेबेरोने कॅमेरा जपून त्याच्या हातात परत दिला. मग आपले दोन्ही तळहात समोर धरले, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"मेले नव्हते रे," तो म्हणाला. "माझे हात मेले नव्हते."