बिनआवाजाची मोटर

पहिली मोटर भूपेंद्रनं हातात घेतली आणि परत पिशवीत टाकली. ती शर्यतीची होती, बोटीला पाण्यावरून उडवत नेणारी, पण मच्छरासारखी किंचाळणारी. दुसरी जाड, बुटकी, सावकाश फिरणारी. हीच बसवू, तो म्हणाला. चालू आहे की बंद, हात लावल्याशिवाय कळत नाही.

गोंदियात त्याचं जळालेल्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. रिमोटवर चालणाऱ्या लहान बोटी बनवणं हा त्याचा नाद. त्या नादापायीच आज काका परसरामनं त्याला दवनीवाड्याजवळच्या शेतावर बोलावलं होतं. बोटीच्या नाकावर एक मोबाइल बांधला होता. त्याला जे दिसेल ते भूपेंद्रच्या हातातल्या दुसऱ्या मोबाइलवर दिसणार होतं. शेताला पाणी देणाऱ्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या मधोमध, देवधानाच्या म्हणजे रानभाताच्या दाटीत, सारसाचं घरटं होतं. त्यात अंडी आहेत की पिल्लं, एवढंच पाहायचं होतं.

पावसानं दडी मारली होती. बोडीखालच्या भाताच्या बांध्यांच्या कडेला रोवणीसाठी वाढवलेले धानाचे पऱ्हे पिवळे पडत चालले होते. परसराम लोखंडी सब्बल घेऊन बोडीचं पाणी अडवणाऱ्या मोरीपाशी उभा होता. मोरी उघडली की बांध्यांत पाणी येऊन रोवणी होणार होती, आणि घरट्याभोवतीचं पाणी उतरून कुत्र्यांना वाट मोकळी होणार होती. पिल्लं निघाली असतील तर मायबाप त्यांना चालवत नेतील. अंडी चालत नाहीत. आणि माणूस पाण्यात उतरला की जोडी घरटं सोडते. बाभळीवरचे कावळे त्याचीच वाट पाहत होते.

रोवणीला आलेल्या बाया बोडीच्या पाळीवर बसून होत्या. किती वेळ बसायचं, असं त्यांच्यातल्या सुशीलाबाईनं दोनदा विचारून झालं होतं.

परसरामची बायको चंद्रकांताबाई थोडी बाजूला उभी होती. चातुर्मासात अंघोळीपासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत तिचं मौन असे. नातू झाल्याचा फोन सकाळीच आला होता, तेव्हाही ती नुसती हसली होती.

बोट पाण्यात सोडली. खरंच आवाज नव्हता. पाण्यावर रेघ उमटत गेली, तेवढंच.

बोट अर्ध्या वाटेवर आली तेव्हा नरानं मान वर केली. त्यानं पंख उघडले आणि तो बोटीच्या दिशेनं आला. मादी घरट्यावरून उठली, दोन पावलं बाजूला झाली. बाभळीवरचा एक कावळा खालच्या फांदीवर आला.

"मागं घे," परसराम दबक्या आवाजात म्हणाला.

भूपेंद्रनं बोट मागं घेतली. मादी उभीच राहिली. कावळा फांदीवरून हलला नाही. बऱ्याच वेळानं मादी परत घरट्यावर बसली, पण मान ताठच होती.

याहून बिनआवाजाची मोटर मिळत नाही, भूपेंद्र सांगू लागला. पिशवीत आणखी एक होती, जुन्या फवारणी पंपातली, नाइलाजाला ठेवलेली. ती तर गुरगुरते. झालं तेवढं झालं, आता मोरी उघडावी की कसं, ते काकानंच ठरवावं.

परसरामनं सब्बल उचलली.

"पंपाची लाव."

सगळे वळले. चंद्रकांताबाई बोलली होती. सूर्य अजून बाभळीच्या शेंड्यालाही आला नव्हता.

"काकी, दोघंही उडून जातील ना," भूपेंद्र म्हणाला. "मंग कावळे आहेतच."

"चूप येते तो खायालेच येते," ती म्हणाली. "पंपाचा आवाज त्याहिले ठाऊक आहे."

मग तिनं सूर्याकडे पाहून कानाच्या पाळीला हात लावला.

भूपेंद्रनं काकाकडे पाहिलं.

"लाव," परसराम म्हणाला. "उगाच नाई बोलली ती."

भूपेंद्रनं स्क्रू काढून आधीची मोटर उतरवली. पंपाची मोटर बसली. बोट गुरगुरत निघाली, परसराम पाठीवर पंप घेऊन शेताच्या धुऱ्यावरून फिरतो तेव्हा होतो तसाच आवाज करत.

नरानं मान वळवली. पाहिलं. पंख हलले, पण उघडले नाहीत. तो बोटीच्या बाजूनं चालत राहिला, शेतात माणसाशेजारी चालावं तसा, अंतर ठेवून. बोट देवधानात शिरली. मादी उभी राहिली, पण हलली नाही.

भूपेंद्रच्या मोबाइलवर आधी गवत आलं, मग लांब लाल पाय. पायांशी एक ओलं, बदामी पिल्लू. त्याच्या शेजारी एक अंडं. अंड्याला चीरही नव्हती.

पिल्लं असली तर मोरी उघडायची, अंडी असली तर थांबायचं, असं ठरलं होतं. एक आणि एक असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

परसरामनं पऱ्ह्यांकडे पाहिलं. मग सब्बलीचं टोक मोरी बंद करणाऱ्या आडव्या फळीखाली सरकवलं आणि तो तसाच थांबला.

"मौन तर मोडलंच," तो बायकोला म्हणाला. "आता सांग. उघडू का नको?"

चंद्रकांताबाईनं तोंड उघडलं नाही.

"आता कायले चूप?"

बोट गुरगुरत परत येत होती.

"थांब मंग," सुशीलाबाई पदर झटकत उठली. "पिल्लाचं बारसंही उरकून घे, परसराम दादा. आमाले बोलाव जेवाले."

बाया हसल्या. परसराम हसला नाही. सब्बल फळीखालीच होती.

तिकडे देवधानात मादीनं लांब पाय दुमडले आणि ती खाली बसली. चंद्रकांताबाई तिकडे पाहत राहिली. मग मोरीपाशी आली, लुगडं सावरलं, आणि फळीवर मांडी घालून बसली.